गुडघ्याचा जामीन कोण?

ज्या खेळात एका मनुष्याने दुसऱ्याच्या अंगाला भिडणे हाच खेळाचा प्राण आहे, त्या खेळात हातपाय मोडणार हे गृहीतच धरले पाहिजे, असे मानणारा एक पक्ष, आणि मोडलेल्या प्रत्येक सांध्यामागे कोणाची तरी हयगय दडलेली असते, असे मानणारा दुसरा पक्ष, असे दोन पक्ष आपल्याकडे फार दिवसांपासून नांदत आहेत; परंतु त्यांची समोरासमोर गाठ क्वचितच पडते, कारण पहिला पक्ष मैदानावर असतो, दुसरा रुग्णालयात असतो, आणि एकाकडून दुसऱ्याकडे ज्याला उचलून नेतात त्या खेळाडूला त्या वेळी वादविवादात फारसा रस उरलेला नसतो.

अशी गाठ पाहण्याचा योग रायगड जिल्ह्यातील एका कबड्डी मंडळाच्या कचेरीत आला. मंडळाची वार्षिक स्पर्धा तोंडावर आलेली, नियमावलीचा मसुदा टेबलावर पडलेला, आणि त्याच्या दोन बाजूंना दोन व्यक्ती बसलेल्या. एक गुरुजी, म्हणजे हायस्कुलातून निवृत्त झालेले व्यायामशिक्षक, ज्यांच्या हाताखालून गेलेली मुले आज पोलीस, रेल्वे आणि बँका यांच्या संघांतून खेळून तेथेच नोकरीला चिकटलेली आहेत. आणि दुसऱ्या डॉक्टरबाई, अस्थिरोगाच्या तज्ज्ञ, ज्यांच्या हाताखालून गेलेली मुले, थोडा विचार केला असता, बहुतेक तीच आहेत. त्यांचे संभाषण शब्दशः नव्हे, पण अर्थाला धक्का न लावता, येथे उतरवतो.

गुरुजी : बाई, तुम्ही मसुद्यात दुखापतींच्या प्रतिबंधाचे एक स्वतंत्र प्रकरण घातले आहे, ते मी लक्षपूर्वक वाचले. हेतूबद्दल माझी तक्रार नाही. पण चढाई करणारा मुलगा एकटा सात जणांच्या अंगणात शिरतो, तीस सेकंदांच्या आत कोणाला तरी शिवून मध्यरेषा गाठू पाहतो, आणि ते सातही जण त्याला परत जाऊ द्यायचे नाही एवढ्याच एका प्रतिज्ञेने उभे असतात. यात काही मुरगळणार नाही, लचकणार नाही अशी हमी हवी असेल तर प्रतिबंध खेळाचाच करावा लागेल. आम्ही मातीत खेळलो. ढोपरे सोलायची, कोपरे फुटायची, त्यावर तीच माती दाबून पुढची चढाई व्हायची. पण गुडघ्यात दुर्बीण घालून घेतलेला एकही गडी मला माझ्या उमेदीच्या काळातला आठवत नाही. हे सारे मॅट आल्यापासूनचे आहे.

डॉक्टरबाई : आठवत नाही, याला कारण आहे, गुरुजी. एक तर ती दुर्बीण त्या काळी आपल्या भागात पोहोचलेली नव्हती. आणि ज्याचा गुडघा गेला तो पुढच्या वर्षी मैदानावर आलाच नाही. तो शेतावर गेला, मुंबईला गिरणीत गेला. तुमच्या स्नेहसंमेलनाला जमतात ते सगळे गुडघे टिकलेले लोक. गळालेल्यांची नोंद कोणत्या वहीत आहे? माझ्याकडे मात्र ते येतात. पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ काठी टेकत येतो, बांधावरून उतरताना गुडघा निसटतो म्हणून सांगतो, आणि खोदून विचारले की मग निघते: ‘तरुणपणी हुतूतू खेळायचो, एकदा गुडघा सरकला होता, हाडवैद्याने ओढून बसवला.’ तो बसलेला नव्हताच. आतला बंध तुटलेला होता, आणि त्या तुटक्या बंधावर त्याने पुढची तीस वर्षे काढली.

गुरुजी : म्हणजे मॅट निर्दोष?

डॉक्टरबाई : मुळीच नाही. तुमचा आरोप निम्मा खरा आहे, आणि तो निम्मा भाग मला पूर्ण कबूल आहे.

येथे डॉक्टरबाईंनी मसुद्याच्या पाठकोऱ्या बाजूवर पेन्सिलीने मांडीचे हाड, नडगीचे हाड आणि त्या दोहोंना आतून तिरके बांधणारा तो प्रसिद्ध बंध काढून दाखवला, ज्याला आता खेड्यातली मुलेसुद्धा ‘एसीएल’ या नावाने ओळखतात. नडगीने मांडीच्या हाडाखालून पुढे सरकू नये आणि सांध्याने वाजवीपेक्षा जास्त पिळू नये, एवढीच त्याची नेमणूक. चढाईपटू कोपऱ्यातल्या गड्याला शिवतो आणि मागे वळण्यासाठी एक पाय रोवतो. त्या निमिषात त्याचे सारे वजन त्या एका पायावर असते, धड मध्यरेषेकडे फिरलेले असते, आणि नेमका त्याच वेळी कोपऱ्यातला गडी त्याचा घोटा धरतो. पाऊल जागच्या जागी, धड वळलेले, आणि मधल्या सांध्याला कोणाचे ऐकावे हे कळत नाही. पुष्कळदा ‘कट्’ असा आवाज खेळाडूला स्वतःला ऐकू येतो. दोनतीन तासांत गुडघा रक्ताने फुगतो.

डॉक्टरबाई : मातीत पाऊल थोडे घसरते, आणि ती घसरण हाच गुडघ्याचा बचाव असतो. मॅटवर रबरी तळाचा बूट चिकटून बसतो, पाऊल घसरत नाही, म्हणून सगळा पीळ सांध्यात शिरतो. पण मातीतही खडा निघतो, एका बाजूला ओल असते आणि दुसऱ्या बाजूला कडक टणक जमीन असते, हे तुम्ही विसरता. माझा खरा आक्षेप कोणत्याच एका पृष्ठभागावर नाही. सहा दिवस अनवाणी मातीत सराव करून सातव्या दिवशी उसने बूट घालून मॅटवर उतरणाऱ्या मुलाची मला धास्ती वाटते. त्याच्या पायाला कोणत्या जमिनीवर किती सरकायचे याचा अंदाजच आलेला नसतो.

गुरुजी : खाशाबा जाधव मातीतूनच गेले होते की. १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक आणले, ते काय मॅटच्या सरावावर?

डॉक्टरबाई : खाशाबा १९४८ साली लंडनलाही गेले होते, गुरुजी. तिथे सहावे आले, आणि मॅटची आणि तिथल्या नियमांची सवय नसणे हे त्याचे एक कारण सांगितले जाते. चार वर्षांनी पदक मिळाले ते त्या अनुभवानंतर. मातीने पैलवान घडवला यात वादच नाही; पण पृष्ठभाग बदलला की तयारी बदलावी लागते, हे त्यांच्याच कारकिर्दीवरून दिसते.

गुरुजींनी यावर ‘बरे’ एवढेच म्हटले. आणि ज्यांनी गुरुजींना पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे की त्यांचे ‘बरे’ म्हणजे माघार नसते, पवित्रा बदलणे असते.

गुरुजी : तुम्ही कारण सांगितलेत, ते पटले. पण कारण कळले म्हणून घटना टळते असे थोडेच आहे? वीज कशी पडते हे शास्त्रज्ञांना कळले, तरी ती पडतेच.

डॉक्टरबाई : वीज नियमपुस्तक वाचत नाही, खेळाडू वाचतो. अमेरिकेतल्या फुटबॉलचेच घ्या, तो आपल्या कबड्डीपेक्षा पुष्कळ क्रूर. १९०५ च्या एका हंगामात तिथे अठराच्या आसपास मुले मेली. शेवटी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून समज दिली, आणि पुढच्या वर्षी नियम बदलून चेंडू पुढे फेकण्याची मुभा दिली, म्हणजे एकाच जागी माणसांचा ढीग रचण्याऐवजी खेळ मैदानभर पसरला.

गुरुजी : आणि मग मरणे थांबले?

डॉक्टरबाई : नाही. कमी झाले, पुढे दुसऱ्या वाटेने परत आले, आणि ती वाट तुम्हाला आवडेल. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांच्याकडे चामड्याच्या टोप्या जाऊन प्लॅस्टिकची टणक शिरस्त्राणे आली. कवटी फुटायची थांबली. पण डोके सुरक्षित आहे असे वाटू लागताच खेळाडू डोक्यानेच धडक द्यायला लागले, आणि मान मोडू लागली. १९७६ च्या हंगामात चौतीस मुलांचे हातपाय कायमचे लुळे पडले. त्या वर्षी डोके पुढे करून धडक मारण्याला बंदी झाली, आणि १९८४ साली तो आकडा पाचवर आला. शिरस्त्राण तेच होते, खेळही तोच होता. बदलले ते एक कलम.

गुरुजी : (प्रसन्न होऊन) बघा! मी नेहमी म्हणतो, साधन दिले की माणूस निर्धास्त होतो. गुडघ्याला ती काळी पट्टी चढवली की आमचा मुलगा समजतो, आता आपल्याला कोणी काही करू शकत नाही.

डॉक्टरबाई : पट्टीबद्दल आपले एकमत आहे, हे लिहून ठेवा. बंध तुटलेला असेल तर ती पट्टी वळणाऱ्या गुडघ्याला धरून ठेवू शकत नाही. तिच्या आड दुखणे झाकले जाते, एवढाच तिचा उपयोग.

कबड्डीच्या नियमांत प्रतिबंधाचे तत्त्व अगदी परके आहे असे समजण्याचे कारण नाही, हे येथे माझ्याकडून नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही. चढाईपटूचे तोंड दाबू नये, कपडे वा केस धरून ओढू नये, पायांची कैची घालून त्याला पाडू नये, नखे कापलेली असावीत, अंगाला तेल चोपडू नये, ही सारी कलमे फार दिवसांची आहेत. ज्यांनी ती घातली त्यांना शरीरशास्त्राच्या पदव्या नव्हत्या, पण कोणत्या कृत्याने काय मोडते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले होते. नियमपुस्तक हा कोणत्याही झुंजीच्या खेळाचा सर्वांत जुना वैद्य होय, आणि आज त्याच्याकडे केवळ गुणांच्या हिशेबासाठी जाण्याची जी रीत पडली आहे ती मला दरिद्रीपणाची वाटते.

डॉक्टरबाईंनी यानंतर न्यूझीलंडच्या रग्बीचा दाखला दिला. तेथे २००१ पासून प्रत्येक प्रशिक्षकाला आणि पंचाला सुरक्षित पकडीचे व रेटारेटीचे शिक्षण दरवर्षी घेणे सक्तीचे केले. पूर्वीच्या प्रमाणावरून पुढच्या पाच वर्षांत मणक्याच्या कायमच्या अपंगत्वाच्या सुमारे एकोणीस घटना अपेक्षित होत्या, त्या आठच घडल्या. आणि दोन्ही संघ खांद्याला खांदा भिडवून जी रेटारेटी करतात, तिच्यात नऊ अपेक्षित असताना एकच घडली. गुरुजींनी आकडे ऐकून घेतले, आणि मग अगदी अनपेक्षित ठिकाणी त्यांचा अभिमान दुखावला.

गुरुजी : शिक्षण सक्तीचे, ठीक. पण तुम्ही मसुद्यात सरावापूर्वी पंधरा मिनिटांची तयारी म्हणून जे लिहिले आहे, ते आम्हाला शिकवता? जोर, बैठका, सपाट्या, सूर्यनमस्कार, हे काय सुट्टीत करायचे प्रकार आहेत? माझी मुले पहाटे पाचला उठून बैठका मारत.

डॉक्टरबाई : त्यांच्या मांड्या मी पाहिल्या आहेत, पोलादाच्या आहेत. पण पुढून. बैठकीने मांडीचा पुढचा स्नायू जेवढा बळावतो तेवढा मागचा बळावत नाही, आणि नडगीला पुढे सरकू न देण्याच्या कामात त्या बंधाचा खरा साथीदार मागचा स्नायू आहे. दुसरे, बैठक सरळ रेषेत होते, खाली आणि वर. चढाईत कोण सरळ रेषेत हलतो? उडी मारून एका पायावर उतरायचे, उतरताना गुडघा आत झुकू द्यायचा नाही, धावता धावता एकदम थांबायचे, वळायचे, हे वेगळे शिकवावे लागते. नॉर्वेमध्ये हँडबॉलच्या एकशेवीस क्लबांतल्या पंधरा ते सतरा वर्षांच्या अठराशेहून अधिक मुलामुलींवर एक पूर्ण हंगाम हा प्रयोग केला. निम्म्या क्लबांनी अशी तयारी केली, निम्म्यांनी नेहमीसारखा सराव केला. तयारी करणाऱ्यांत गुडघ्याच्या आणि घोट्याच्या दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्या. हे २००५ साली प्रसिद्ध झाले आहे.

गुरुजी : मागच्या स्नायूला काय करायचे?

हा प्रश्न गुरुजींनी इतक्या सहजपणे विचारला, की वाद चालू आहे याचा त्यांना क्षणभर विसर पडला असावा. डॉक्टरबाईंनी सांगितले की एका मुलाने गुडघ्यांवर उभे राहायचे, दुसऱ्याने मागून त्याचे घोटे दाबून धरायचे, आणि पहिल्याने धड ताठ ठेवून, जमेल तितके सावकाश पुढे झुकत जायचे. यंत्र नको, पैसा नको, फक्त जोडीदार हवा. कचेरीत चहा घेऊन आलेल्या पोराला गुरुजींनी तेथल्या तेथे सतरंजीवर बसवून घोटे धरले. तो पोरगा अर्ध्यावर जाऊन तोंडावर पडला, आणि गुरुजींच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला तो एखादा नवा डाव हाती लागलेल्या वस्तादाचा होता.

डॉक्टरबाई : मुलींच्या बाबतीत तर हे अधिक काटेकोरपणे करा. वयात आल्यानंतर मुलींमध्ये हा बंध तुटण्याचा धोका त्याच खेळातल्या मुलांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो, आणि आपल्याकडे मुलींच्या वाट्याला सरावाचे मैदान संध्याकाळी उरलेल्या अर्ध्या तासापुरते येते. तयारीची पंधरा मिनिटे आधी त्यांचीच कापली जातात.

गुरुजींनी मान हलवली, पण लगेच आपल्या मूळ जागेवर परतले.

गुरुजी : हे सगळे मी करून घेईन. पण बाई, तुटल्यानंतरचे काय? तुम्ही लिहिले आहे, शस्त्रक्रियेनंतर नऊ महिने मैदान नाही. नऊ महिने लिहायला कागदावर अर्धी ओळ लागते.

डॉक्टरबाई : ती अर्धी ओळ मी हवेतून आणलेली नाही. मांडीच्या मागून किंवा गुडघ्याच्या पुढून काढलेला स्नायुबंध आत बसवतात, त्याला तिथे जीव धरायला वेळ लागतो. नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणे जितके महिने लांबवावे, तितक्या प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण निम्म्याच्या आसपास घटते, असे दिसून आले आहे. आणि परत येता येते, गुरुजी. विनेश फोगाट २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमधून स्ट्रेचरवर बाहेर गेली, गुडघा गेला होता. २०१८ साली जाकार्त्याच्या आशियाई स्पर्धेत तिने सुवर्ण घेतले.

गुरुजी : विनेशच्या पाठीशी देश उभा होता. आमच्या मुलाच्या पाठीशी कोण आहे? ऐका. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के जागा राखीव आहेत. त्यासाठी अमुक दर्जाच्या स्पर्धेत अमुक स्थान मिळवल्याचे प्रमाणपत्र लागते, आणि नोकरीच्या वयाची मर्यादा असते. मुलाच्या हाती असतात तीन, फार तर चार हंगाम. बापाची दीड एकर भातशेती. त्यातला एक हंगाम तुम्ही काढून घेतलात, तर तुम्ही त्याचा गुडघा वाचवला हे खरे, पण तो गुडघा घेऊन त्याने जायचे कुठे? तुम्हाला वाटते, मी त्याला दुखऱ्या पायाने खेळवतो. मी खेळवत नाही हो. तोच सांगत नाही. बाम चोळतो, पट्टी चढवतो, माझ्यासमोर लंगडत नाही आणि घरी गेल्यावर बसता येत नाही म्हणून उभ्याने जेवतो. नऊ महिन्यांच्या पोटापाण्याला त्याचा जामीन कोण राहणार, ते आधी सांगा. मग तुमचे कलम मी स्वतःच्या हाताने लिहितो.

डॉक्टरबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत, आणि मलाही वाटले की संपूर्ण संभाषणात गुरुजी येथे सर्वांत अधिक बरोबर होते. दुखापतींच्या शास्त्रावर जे लिहिले जाते, त्यात खेळाडू हा स्नायू, अस्थी आणि वजन यांचा एक समुच्चय म्हणून येतो, आणि तो तसा आल्याशिवाय शास्त्र पुढे सरकत नाही हेही मान्य. परंतु तो कोणाचा तरी कर्ता मुलगा असतो, त्याच्या नावावर सोसायटीचे कर्ज असते, आणि २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाल्यापासून त्याच्या गावातल्या प्रत्येक पोराने दूरचित्रवाणीवर पाहिलेले आहे की या खेळात आता खरोखरीचे पैसे मिळतात. अशा मुलाने दुखणे लपवले तर त्याला मूर्ख म्हणणे सोपे आहे. तो मूर्ख नसतो. त्याने आपला हिशेब मांडलेला असतो, आणि त्या हिशेबात गुडघ्याची किंमत कमी धरली जाते, कारण ती भरायची मुदत दूर असते.

डॉक्टरबाई : पटले. माझ्याकडे याचे उत्तर नाही. पण म्हणूनच मी म्हणते, खेळायचे की नाही हा फैसला त्या मुलाकडे ठेवू नका, आणि तुमच्याकडेही ठेवू नका. त्याला नोकरी हवी आहे, तुम्हाला ढाल हवी आहे. दोघेही पक्षकार. पक्षकाराने स्वतःच्या खटल्याचा निकाल देऊ नये.

गुरुजी : मग कोणी द्यावा? कबड्डीच्या स्पर्धेत डॉक्टर असतो तो व्यासपीठावर. नारळ फोडायला.

डॉक्टरबाई : (हसून) नारळ मी पुष्कळ फोडले. या वर्षी मला मैदानाच्या रेषेपाशी एक खुर्ची द्या. गुडघ्याचे राहू द्या, गुडघा निदान लंगडतो, सुजतो, लोकांना दिसतो. मला जास्त चिंता डोक्याची आहे. साखळी करून दोघे एकदम झेपावतात, एकाचे कपाळ दुसऱ्याच्या कानशिलावर आपटते, किंवा घोटा धरायला खाली गेलेल्या मुलाच्या जबड्यावर चढाईपटूची टाच बसते. तो उठतो. लोक टाळ्या वाजवतात. कोणीतरी स्प्रे मारतो, जणू मेंदू ही पोटरी आहे. बेशुद्ध पडला नाही म्हणून काही झाले नाही असे सगळे धरून चालतात, पण मेंदूला हादरा बसलेली बहुतेक मुले बेशुद्ध पडतच नाहीत. तो गुणफलक विचारतो, दोन मिनिटांनी पुन्हा तेच विचारतो, आपल्याच बाजूला चढाईला निघतो. आणि त्या अवस्थेत दुसरा मार बसला, तर कोवळ्या वयात कधी कधी मेंदू इतका सुजतो की मूल हातचे जाते. क्वचितच होते. पण एकदा झाले तर कोणत्या मंडळाला झेपेल?

गुरुजी बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी स्वतःहून मसुदा ओढून घेतला, आणि ज्याच्या डोक्याला मार लागून तो गोंधळल्यासारखा, अडखळल्यासारखा किंवा मळमळल्यासारखा दिसेल, त्याला त्या दिवशी पुन्हा मैदानात घेऊ नये, हा फैसला कप्तानाचा अगर प्रशिक्षकाचा नसून रेषेवरच्या डॉक्टरांचा, आणि डॉक्टर हजर नसल्यास सरपंचांचा राहील, असे कलम आपल्या वळणदार अक्षरात लिहिले. ‘सरपंच’ म्हणजे सामन्याचे मुख्य पंच, गावचे नव्हेत, असा खुलासाही त्यांनी समासात केला, कारण गेल्या निवडणुकीपासून गावच्या सरपंचांचे आणि मंडळाचे संबंध तेवढे गोड राहिलेले नाहीत.

दुसऱ्या कलमावर पुन्हा खडाजंगी झाली. रात्रभर चालणाऱ्या स्पर्धेत एकेक संघ पहाटेपर्यंत तीन-तीन, चार-चार सामने खेळतो. थकलेला स्नायू सांध्याला वेळेवर सावरत नाही, म्हणून एका संघाने एका रात्रीत दोनपेक्षा अधिक सामने खेळू नयेत, असे डॉक्टरबाईंचे म्हणणे. गुरुजींनी विचारले, मग स्पर्धा एका रात्रीत कशी संपायची, आणि दुसऱ्या रात्रीचा मंडप, दिवे, भोंगा, पाहुण्या संघांचे जेवण यांचा खर्च कोणी सोसायचा? शेवटी आमंत्रित संघांची संख्या निम्मी करण्यावर समेट झाला. ज्या संघांची आमंत्रणे रद्द होतील त्यांना समजावण्याचे काम गुरुजींनी आपल्याकडे घेतले, आणि ते काम दुसऱ्या कोणाला जमलेही नसते.

राहिले नऊ महिने. त्या कलमाला गुरुजींनी शेवटपर्यंत मंजुरी दिली नाही. त्याऐवजी त्यांनी एक निराळीच तरतूद सुचवली: पहिल्या क्रमांकाचे रोख बक्षीस, आणि सर्वोत्तम चढाईपटूला द्यावयाची मोटारसायकल, या दोहोंतून काही हिस्सा कापून मंडळाने एक निधी उभारावा, आणि या स्पर्धेत ज्याचा गुडघा अगर खांदा जाईल त्याला, तो कोणत्याही संघाचा असो, घरी बसण्याच्या मुदतीत दरमहा काही रक्कम द्यावी, तिच्या बदल्यात त्याने डॉक्टरांचे प्रमाणपत्र मिळाल्याखेरीज कोठेही खेळू नये, आणि खेळल्यास रक्कम बंद व्हावी.

डॉक्टरबाई : म्हणजे मंडळच जामीन राहणार?

गुरुजी : राहून बघू. पैसे कुठून आणायचे ते मला माहीत आहे, कारण मोटारसायकलचा देणगीदार माझाच विद्यार्थी आहे. त्याला मोटारसायकलवर नाव लिहायला मिळते, निधीवर नाव लिहायला काय मिळणार, एवढाच प्रश्न तो विचारील.

डॉक्टरबाई : आणि रक्कम मिळते म्हणून कोणी खोटे दुखणे आणले तर?

गुरुजी : ते ओळखायला तुम्ही आहातच. माझ्या मुलांनी आजवर दुखणे लपवले, आता एखाद्याने उगाच दाखवले तर मला जरा बरेच वाटेल.

कार्यकारी मंडळाची सभा येत्या रविवारी आहे. मोटारसायकलची रक्कम ज्यांच्या ताब्यात असते त्या खजिनदारांनी हे कलम विषयपत्रिकेत ऐन वेळच्या विषयांच्या खाली, म्हणजे बहुतेक सभासद उठून गेल्यावर ज्याचा क्रम लागावा अशा जागी, टाकलेले आहे. गुरुजींनी ते पाहिले, पेन्सिलीने गोल करून वर दुसऱ्या क्रमांकावर बाण काढला, आणि डॉक्टरबाईंना रविवारचे रुग्ण सकाळीच उरकून चार वाजता हजर राहण्यास बजावले.